एक लेक, दोन जागा

निकालाचे दिवस आले की मावळातल्या आपल्या घरांतून आम्हाला फोन येतात आणि प्रश्न बहुधा एकच असतो, "सर, कुठं मिळेल?" तळेगाव, वडगाव, कामशेत, लोणावळा, फोन कुठूनही येवो, प्रश्न हाच. यंदा उलटा प्रश्न आला आणि तोही घरातूनच. आमच्या धाकट्या बहिणीच्या लेकीला दोन ठिकाणी जागा मिळाल्या, दोन्ही नावाजलेल्या. बहिणीने विचारलं, "भाईजान, सोडायची कोणती?"

घेणं सोपं असतं, सोडणं जड जातं. त्यातून आपल्या घरात असा प्रसंग पहिलाच असेल तर सल्ला देणारे पुष्कळ आणि अनुभवाने बोलणारं कुणीच नाही, अशी गत होते. म्हणून बहीण आणि बहनोई यांची परवानगी घेऊन, भाचीला विचारून, या वेळी हेच लिहायचं ठरवलं आहे. पुढच्या वर्षी तुमच्यापैकी कुणाच्या दारात हा प्रश्न येवो, हीच दुआ.

एक जागा होती पुण्यातल्या आयसरची, म्हणजे भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था. केंद्र सरकारने २००६ साली सुरू केलेली, पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या शेजारची. पाच वर्षांचा सलग अभ्यासक्रम, शेवटचं वर्ष बहुतांशी संशोधनाचं. तिची प्रवेश परीक्षा वेगळी असते. भौतिक, रसायन, गणित आणि जीवशास्त्र, प्रत्येकी १५ प्रश्न, तीन तास. दुसरी जागा होती शिवाजीनगरच्या सीओईपीची. १८५४ साली सुरू झालेलं हे महाविद्यालय २०२२ पासून स्वतंत्र तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. विश्वेश्वरय्या इथेच शिकले. तिथे राज्याच्या सीईटीतून भाचीला मेटलर्जी, म्हणजे धातुशास्त्राची शाखा मिळाली. चार वर्षं.

दोन्हीकडचं घड्याळ वेगळं चालतं, ही पहिली अडचण. आयसरची यादी आधी लागते, पैसे भरायची तारीख आधी येते, आणि राज्याच्या कॅप फेऱ्या मागाहून सुरू होतात. हातातली सोडून पळत्याच्या मागे लागायचं का, या विचाराने बहिणीच्या घरी दोन आठवडे कुणाला धड झोप नव्हती. शेवटी आयसरचे पैसे भरून जागा धरली. भरण्याआधी पैसे परत मिळण्याचे नियम आणि त्याची शेवटची तारीख आम्ही कागदावर लिहून भिंतीला चिकटवली. दुसरं, शाळा सोडल्याचा मूळ दाखला एकच असतो. तो एकीकडे दिला की दुसरीकडे हात बांधले जातात. निर्णय होईपर्यंत तो कपाटात ठेवावा, साक्षांकित प्रतींचा गठ्ठा मात्र करून ठेवावा.

कॅपमध्ये २०२५ पासून चार फेऱ्या आहेत. पहिल्या फेरीत यादीतली पहिल्या क्रमांकाची पसंती मिळाली तर ती घ्यावीच लागते. दुसऱ्या फेरीत हाच नियम पहिल्या तीन पसंतींना आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांना लागू आहे. म्हणजे "आत्ता काहीतरी भरून ठेवू, नंतर बघू" हे चालत नाही. पसंतीचा क्रम लिहिला की अर्धा निर्णय झालेलाच असतो. तो क्रम सायबर कॅफेतल्या मुलाच्या भरवशावर टाकणारी घरं आम्ही पाहिली आहेत.

आता घरातलं. मशवरा सुरू झाला तेव्हा प्रत्येकाकडे एक कारण होतं. बहनोई म्हणाले, इंजिनियरिंगला फी माफ आहे. बहीण म्हणाली, सीओईपी स्टेशनजवळ, कामशेतहून लोकलने रोज जाऊन येईल. चाचा म्हणाले, पण मेटलर्जी का, कॉम्प्युटर नाही का मिळालं? शेजारच्या एका काकांना आयसर हे नाव नवं होतं, त्यामुळे ते कमी दर्जाचं असणार असं त्यांनी ठरवून टाकलं. दादी सगळ्यांत शेवटी बोलल्या, "पोरीकू इत्ता दूर कायकू भेजनेका?"

आम्हाला वाटतं, त्या बैठकीत खरं बोलल्या त्या फक्त दादी. बाकी सगळे फी, शाखा, स्टेशन, नाव यांवर बोलत होते. मनात मात्र एकच गोष्ट होती, मुलगी रात्री घरात असेल की नाही. आम्ही शाळेत वीसएक वर्षं शिकवतो आहोत. मुलींच्या शिक्षणाचे अनेक निर्णय याच एका भीतीवर झालेले पाहिले, पण ती भीती कुणी तिच्या नावाने बोलून दाखवत नाही. मग ती दुसऱ्या कारणाचा बुरखा घेऊन येते. "ते कॉलेज काही खास नाही", "त्या लाइनला स्कोप नाही." मुलीला वाटतं, आपल्या हुशारीवर शंका घेतली जाते आहे. मुलगी दूर गेली तर काळजी वाटेल, हे बापाने सरळ म्हटलं तर मुलीला त्याचं उत्तर तरी देता येतं. भीती वाटण्यात लाज काहीच नाही.

म्हणून आम्ही दादींचाच प्रश्न पुढे घेतला आणि भाचीला कागद-पेन्सिल दिली. रोज जाऊन येण्याचा हिशेब मांड म्हटलं. घरापासून कामशेत स्टेशन २० मिनिटं. गाडी चुकायला नको म्हणून १५ मिनिटं आधी. शिवाजीनगरपर्यंत लोकल तासाभराची. तिथून वर्गापर्यंत चालत १० मिनिटं. एका बाजूचे पावणेदोन तास झाले, दोन्ही बाजूंचे साडेतीन. पाच दिवसांचे साडेसतरा तास. या मार्गावर दुपारी लोकलमध्ये मोठा खंड पडतो, ही मावळच्या प्रवाशांची जुनी तक्रार आहे. तास लवकर संपला तरी स्टेशनवर बसून राहायचं. प्रॅक्टिकल साडेपाचला सुटलं तर घरी यायला सव्वासात, गाडी चुकली तर त्याहून उशीर. डिसेंबरात त्या वेळी मिट्ट काळोख असतो आणि जुलैत आपल्याकडचा पाऊस.

कागद दादींना वाचून दाखवला. त्या बराच वेळ गप्प बसल्या. "घरून जाईल" म्हणजे ती घरात असेल असं त्यांनी धरलं होतं. हिशेबात ती दिवसातले बारा तास घराबाहेर होती आणि त्यातले साडेतीन तास फलाटावर, डब्यात, रस्त्यावर. वसतिगृहात राहिली तर तेवढा वेळ ती कुलूप-वॉर्डन-नोंदवही असलेल्या इमारतीत असती. निर्णय दादींनीच दिला, दोन्हींपैकी कुठेही गेली तरी पोरगी वसतिगृहातच राहील. लोकल शनिवारी घरी यायला.

झालं. ज्या मुद्द्यावर सगळी चर्चा अडली होती तो दोन्ही पारड्यांत सारखाच निघाला. आता कुठे कॉलेजबद्दल बोलता आलं.

पैशाचं आधी सांगतो, कारण यात वाचकांच्या कामाचं जास्त आहे. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने राज्यात केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला गेलेल्या, कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला ८ लाखांपर्यंत असलेल्या इतर मागासवर्ग, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि आर्थिक दुर्बल घटकातल्या मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. त्याआधी सवलत निम्मी होती. वसतिगृह, खानावळ, पुस्तकं यांचा खर्च मात्र आपलाच. आयसर केंद्राची संस्था, तिथे ही माफी नाही. तिथे मूलभूत विज्ञान शिकणाऱ्यांपैकी अटीत बसणाऱ्यांना इन्स्पायर शिष्यवृत्ती मिळू शकते, वर्षाला ८० हजार. दोन्हीकडची बेरीज मांडली तेव्हा फरक उरला, पण बहनोईंना वाटला होता तेवढा नाही. पुणे जिल्ह्यातल्या मुलींसाठी लीला पूनावाला फाउंडेशनची शिष्यवृत्ती आहे, तीही बघून ठेवावी. १९६७ साली सीओईपीतून मेकॅनिकल इंजिनियर होऊन बाहेर पडलेल्या लीलाताईंनी पुढे मुलींच्या शिक्षणासाठी ही संस्था काढली.

पण ही माफी ज्या कागदांवर मिळते त्यांचं काय? अत्तार, तांबोळी, बागवान, पिंजारी, मणियार अशा आपल्या कितीतरी बिरादऱ्या राज्याच्या ओबीसी यादीत आहेत. यादीत असणं वेगळं आणि हातात जात वैधता प्रमाणपत्र असणं वेगळं. ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा मागतात. आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या रजिस्टरमध्ये जातीच्या रकान्यात नुसतं "मुसलमान" लिहिलेलं असतं, आणि घरचे लोक मग तहसीलच्या पायऱ्या झिजवतात. भाचीचा हा कागद वेळेवर झाला, कारण तिच्या अब्बांनी ती अकरावीत असतानाच अर्ज केला होता. चुलत आजोबांच्या शाळेचा एक जुना दाखला सापडला, त्यात बिरादरीचं नाव होतं. तुमच्या घरात कुणी नववी-दहावीत असेल तर याच महिन्यात पेट्या उघडा. शाळेचे दाखले, जन्ममृत्यूच्या नोंदी, खरेदीखतं, जे निघेल ते. नॉन-क्रीमी लेयरचा दाखलाही मुदत बघून काढा. आणि केंद्राच्या संस्थेला केंद्राच्या नमुन्यातला दाखला लागतो, राज्याचा तिथे चालत नाही. ही एक गोष्ट माहीत नसल्याने गुण असूनही जागा हुकलेली मुलं आहेत.

मग एक दिवस काढून दोन्ही जागा पाहिल्या. भाची, तिचे अब्बा-अम्मी आणि आम्ही. सकाळच्या लोकलने शिवाजीनगर, चालत सीओईपी. जुन्या दगडी इमारती, झाडं, मागच्या अंगाला नदी आणि मुलांचा बोट क्लब. बहनोई मुलखाचे अबोल, पण कार्यशाळेच्या दारात दहा मिनिटं उभे राहिले. नंतर बसने पाषाण. आयसरचा परिसर नवा, मोकळा, मुलं जिने चढता-उतरतानाही गणिताचंच बोलत होती. दोन्हीकडे आम्ही कार्यालयापेक्षा शिकणाऱ्या मुलींना जास्त विचारलं. रात्री दरवाजे कधी बंद होतात, आजारी पडलं तर कोण बघतं, नमाजला जागा मिळते का, रमजानमध्ये सेहरीचं काय करता. हिजाबचंही विचारलं. चेंबूरच्या एका महाविद्यालयाच्या मनाई आदेशाला सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये अंशतः स्थगिती दिली, तेव्हापासून हा प्रश्न आपल्या घरांत निघतोच. एका मुलीने हसत सांगितलं, "अंकल, पहिल्या सेमिस्टरला सगळे सबमिशनमध्ये इतके बुडालेले असतात की कुणाच्या डोक्यावर काय आहे ते बघायला वेळ कुणाला?" सेहरीला तिच्या खोलीत खजूर, फळं आणि रात्रीचं बाजूला काढून ठेवलेलं जेवण असतं. आमच्या बहिणीची निम्मी काळजी त्या एका वाक्यात मिटली. वेबसाइटवर हे कुठे लिहिलेलं नसतं.

परतीच्या लोकलमध्ये तिला कुणी काही विचारायचं नाही, असं आम्ही आधीच सांगून ठेवलं होतं. रात्री जेवण झाल्यावर तिला म्हटलं, कुठे जायचं ते सांगू नकोस, पुढची काही वर्षं रोज सकाळी उठून काय करायला आवडेल तेवढं सांग.

तिने जे सांगितलं त्यासाठी बहनोईंचा धंदा सांगायला हवा. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर त्यांचं पाट्यांचं काम आहे. ट्रक-टेम्पोचे कमानी पाटे उतरवायचे, तुटलेला बदलायचा, पुन्हा बसवायचे. घाट चढून-उतरून आलेली गाडी कधी एका बाजूला कललेली येते, पाटा गेलेला असतो. भाची लहानपणापासून संध्याकाळी दुकानात हिशेबाची वही लिहायला बसते. तिने विचारलं, "मामू, तुटलेल्या पाट्याची कड तुम्ही पाहिली आहे? अर्धी गुळगुळीत असते, शिंपल्यासारख्या रेघा असलेली, आणि अर्धी खरबरीत. अब्बा म्हणतात, पाटा एका दणक्यात तुटला. तो एका दणक्यात नाही तुटत. भेग कितीतरी महिने आधीपासून थोडी थोडी सरकत असते, कडा एकमेकींवर घासून गुळगुळीत होतात. उरलेला भाग शेवटी एकदम जातो, तो खरबरीत."

हे तिने कुठल्याशा व्हिडिओत पाहून, मग दुकानातल्या भंगाराच्या ढिगात तपासून घेतलं होतं. बहनोई तीस वर्षं पाटे बदलत आहेत, ते तिच्याकडे बघत राहिले. ती पुढे म्हणाली, भेग का सरकते याचं शास्त्र आयसरमध्येही शिकता येईल, तिथल्या मुलींशी बोलून तिला ते खूप आवडलं होतं. पण तिला न तुटणारा पाटा बनवायचा आहे. आणि आयसरला सुरुवातीला चारही विज्ञानं शिकायची, त्यात जीवशास्त्र आलं, तिचं मन त्यात नाही. परीक्षेत त्या १५ प्रश्नांनी तिला घाम फोडला होता.

"कॉम्प्युटर का नाही" या चाचांच्या प्रश्नालाही हेच उत्तर पुरलं. तळेगाव आणि चाकणच्या कारखान्यांच्या सावलीत राहून धातूच्या शिक्षणाला कमी लेखणं आम्हाला नेहमीच चमत्कारिक वाटत आलं आहे. पण ते असो.

रिश्त्याचा विषय निघालाच. चार वर्षं ठीक, पाच म्हणजे जास्त, आणि पुढे पीएचडी म्हटलं तर? बहिणीच्या मनात आयसरच्या विरुद्ध हेच होतं. आम्ही तिला म्हटलं, मुलीने आयसर निवडलं असतं तर याच कारणाने नाही म्हणाली असतीस का? ती म्हणाली, "विचार करावा लागला असता." प्रामाणिक उत्तर होतं. एका वर्षाच्या फरकाने थांबणार नाही असा रिश्ता आपल्या लेकीच्या कितपत कामाचा, एवढंच आम्ही विचारलं आणि गप्प बसलो. भाचीने सीओईपी म्हटलं म्हणून हा विषय तिथेच राहिला, मिटला असं आम्ही म्हणणार नाही. तिला पुढे एमटेक करायचं असेल तेव्हा तो पुन्हा निघेल.

बहिणीला आणखी एक धास्ती होती, निवड चुकली तर लोक हसतील. तिला आम्ही अतिया फैजींची गोष्ट सांगितली. जंजिऱ्याच्या नाजली बेगमच्या या बहिणीला सरकारी शिष्यवृत्ती मिळून ती १९०६ साली अध्यापनाच्या शिक्षणासाठी लंडनला गेली. तब्येतीमुळे शिक्षण पुरं न करता पुढच्या वर्षी परतली. पण तिथून ती जे रोजनिशीवजा लिहून पाठवत होती ते लाहोरच्या "तहजीब-ए-निस्वाँ" या बायकांच्या उर्दू नियतकालिकात छापून येत होतं आणि पुढे १९२१ साली त्याचं पुस्तक झालं. शंभर वर्षांवर झाली, लोक ते अजून अभ्यासतात. अर्ध्यावरून परतलेली म्हणून तिला कुणी हसत नाही.

दादींनी भाचीला इस्तिखारा करायला सांगितला. तिने दोन रकात पढून दुआ केली. दुसऱ्या दिवशी सकाळी चाचींनी विचारलं, "ख्वाबात काय दिसलं?" काही दिसलं नव्हतं. इस्तिखारा म्हणजे रात्री कॉलेजची पाटी दिसणं, अशी समजूत आपल्याकडे फार आहे. चौकशी करावी, जाणत्यांचा मशवरा घ्यावा, अल्लाहकडे भलाई मागावी आणि मग मन स्थिर ठेवून पाऊल उचलावं, एवढंच आम्ही वडीलधाऱ्यांकडून शिकलो. तिचं मन स्थिर होतं, नाश्ता नेहमीसारखा दोन चपात्यांचा झाला.

त्याच दिवशी तिने आयसरची जागा सोडली. बहनोई म्हणत होते, अजून आठवडाभर राहू दे, काय बिघडतं, पैसे भरलेलेच आहेत, सीओईपीत काही अडचण आली तर? इथे मात्र आम्ही जरा ताणून धरलं. सीओईपीत कागद तपासून झाले होते, प्रवेशाची पावती हातात होती, अडचण येण्यासारखं काही उरलं नव्हतं. आणि प्रतीक्षा यादीत कुठेतरी एक मुलगी बसलेली असते, गडचिरोलीची, मालेगावची, कुठलीही, जिला पुढच्या फेरीत हीच जागा मिळू शकते. आपल्या हातात तेवढे दिवस ती अमानत असते. भाचीने मोबाइलवर लॉगिन केलं, नाव मागे घेण्याचा रकाना भरला, ओटीपी टाकला. भरलेले पैसे नियमाप्रमाणे कापून परत येतील.

वसतिगृहात तिला तिघींची खोली मिळाली आहे. एक सोलापूरची, एक नांदेडची. बहिणीने गादी, बादली, कुलूप, मच्छरदाणी आणि चिक्कीचे चार डबे अशी बांधाबांध केली आहे. दादींनी जानमाज दिली. बहनोईंनी तुटलेल्या पाट्याचा वीतभर तुकडा घासून-पुसून कागदात गुंडाळला, तिच्या सामानात टाकला आणि म्हणाले, तुझ्या सरांना दाखव, विचार किती महिने आधी भेग पडली असेल.